ओहोटीच्या वाळूत व्हायकिंगांचं इंग्लंड

उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लढवय्यांनी इंग्लंडवर स्वाऱ्या केल्या. किनाऱ्यालगतच्या शाळांनी हा धडा फळ्यावर शिकवू नये. खाडीतून शत्रू आत कसा शिरतो, हे कोकणातल्या पोरांना वाळूत पटकन दिसतं.

वेळ आधी ठरवा. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची साधारण वेळ मिळते. त्रयोदशीला भरती सकाळी पावणेदहाच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी चारच्या आसपास. दोनला सुरुवात करा, साडेपाचच्या आत आवरा.

पाणी उतरत असतानाच 991 सालची माल्डनची लढाई दाखवा. काठालगत वाळूचं बेट करा आणि ते जांभ्याच्या तुकड्यांच्या अरुंद बांधाने किनाऱ्याला जोडा. नुसत्या वाळूचा बांध पहिल्याच लाटेत जातो. बांध उघडा पडेपर्यंत बेटावरच्या पोरांनी थांबायचं. ब्लॅकवॉटर खाडीतल्या बेटावर व्हायकिंग असेच ओहोटीसाठी थांबले होते. इंग्रज सरदार बर्टनॉथने त्यांना अलीकडे येऊ दिलं आणि तो मारला गेला. त्याच वर्षी इंग्रजांनी 10,000 पौंड खंडणी भरली.

मग वर, ओल्या घट्ट वाळूत नकाशा काढा. 100 किलोमीटरला एक मीटर धरा: लंडन ते यॉर्क पावणेतीन मीटर, लंडन ते विंचेस्टर एक. नकाशाची पूर्व समुद्राकडे ठेवा. समुद्राकडे तोंड केलं की यॉर्क डावीकडे येतं. आपला समुद्र पश्चिमेला असल्यामुळे पोरं नकाशा उलटा धरतात आणि डेन (डेन्मार्ककडचे व्हायकिंग) आयर्लंडकडून आणतात, म्हणून हे आधीच बजावा. नद्या चार बोटं खोल खणून पाणी ओता आणि त्यांत माडाच्या पोयीच्या होड्या सोडा.

आता माल्डनच्या आधी, नवव्या शतकात या. वेसेक्सचा (दक्षिण इंग्लंडमधल्या राज्याचा) राजा आल्फ्रेड आणि डेनांचा राजा गुथ्रम यांच्या तहाची हद्द सुतळीने आखा: टेम्सने वर, मग ली नदीने तिच्या उगमापर्यंत, तिथून सरळ बेडफर्ड, पुढे ऊझ नदीने वॉटलिंग रस्त्यापर्यंत (लंडनहून वायव्येकडे जाणारा जुना रोमन रस्ता). लंडनपासूनच रस्त्याने सुतळी ओढणं ही नेहमीची चूक. तसं केलं तर डेनांच्या ताब्यात नसलेला मुलूख त्यांना जातो.

खरा जीव 1016 मध्ये आहे, तिथे घाई नको. इंग्लंडचा राजा एथेलरेड, त्याचा मुलगा एडमंड, राज्यावर चालून आलेला डेन क्नूट, एथेलरेडची राणी एमा आणि एथेलरेडचा जावई एड्रिक अशी पाच पोरं उभी करा. एड्रिकचं काम चपळ पोराला द्या. 1015 मध्ये तो क्नूटकडे गेला, पुढच्या वर्षी एडमंडकडे परतला आणि 18 ऑक्टोबरला असंडनच्या रणातून पळाला. एप्रिलमध्ये एथेलरेड वारला की त्या पोराला खाली बसवा. असंडननंतर वेसेक्स एडमंडकडे आणि मर्सिया (मध्य इंग्लंड) क्नूटकडे, अशी वाटणी दाखवा. 30 नोव्हेंबरला एडमंडही वारला आणि सगळं राज्य क्नूटला मिळालं. डेनांची तलवार मोठी होतीच, पण दरबारातली फूट त्यांना तितकीच उपयोगी पडली, हे पोरांना एड्रिकच्या येरझाऱ्यांतून कळतं.

एमाला मात्र उभीच ठेवा. 1017 मध्ये तिने क्नूटशी लग्न केलं. क्नूटपासून झालेला हार्थाक्नूट 1042 मध्ये वारल्यावर गादीवर आला तो एडवर्ड, एथेलरेडपासून झालेला तिचाच मुलगा.