मार्चच्या उन्हाला भुलू नका: मिशिगन सरोवराकाठच्या बागायतदारांसाठी

मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतोच. दुपारी पारा १८-२० अंश सेल्सियसवर जातो, अंगणातला बर्फ वितळून वाहायला लागतो आणि माझा फोन वाजू लागतो. "मिरचीची रोपं बाहेर काढू का?" "पीचच्या झाडावरचं आच्छादन काढलं तर चालेल का?" दोन्हींचं उत्तर नाही. मिरचीला तर अजून दोन महिने अवकाश आहे.

या भागात थंडीमुळे जेवढं नुकसान होतं, त्याहून अधिक नुकसान अवेळी आलेल्या उबेमुळे होतं. २०१२ चा मार्च ज्यांनी इथे पाहिला, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या महिन्यात मिशिगनमध्ये कित्येक दिवस पारा २५ अंशांच्या पुढे गेला. झाडं जवळपास महिनाभर आधी जागी झाली, कळ्या उमलल्या आणि मग एप्रिलमध्ये एकामागून एक गोठवणाऱ्या रात्री आल्या. राज्यातलं आंबट चेरीचं सुमारे ९० टक्के पीक गेलं, सफरचंदाचंही जवळपास तेवढंच. एप्रिलची थंडी नेहमीचीच होती, झाडं मात्र वेळेआधी जागी झाली होती.

सफरचंद, चेरी, पीच यांना फुलण्याआधी ठरावीक तास थंडी लागते. इथल्या हिवाळ्यात ती गरज फेब्रुवारीपर्यंत बहुधा भागलेली असते. त्यानंतरची प्रत्येक उबदार दुपार कळीला एक पाऊल पुढे नेते, आणि पुढे गेलेली कळी मागे येत नाही.

इथेच सरोवर आपल्या बाजूने उभं राहतं. मिशिगन सरोवराची सरासरी खोली सुमारे ८५ मीटर आहे. एवढं पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे एप्रिलभर ते जेमतेम ३-५ अंशांवर असतं. पश्चिमेचा वारा त्यावरून येतो आणि पूर्व किनाऱ्यावरच्या बागांना थंड ठेवतो. साउथ हेवनपासून वर ट्रॅव्हर्स सिटी आणि ओल्ड मिशनच्या भूशिरापर्यंतचा फळबागांचा पट्टा याच वाऱ्यावर उभा आहे. किनाऱ्यावर अंगात स्वेटर असतो, तेव्हा २०-३० किलोमीटर आत लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात. तो गारवा नकोसा वाटतो खरा, पण त्यामुळे फुलोरा लांबतो आणि दंवाच्या बहुतेक रात्री कळ्या बंद असतानाच निघून जातात. म्हणून वसंत उशिरा आला तर मी कुरकुर करत नाही. शिकागो-मिल्वॉकीच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र हा गारवा वारा पूर्वेकडून वळेल तेव्हाच मिळतो, त्यामुळे तिथल्यांनी किनाऱ्यावर राहतो म्हणून निर्धास्त होऊ नये.

हंगामाचा कल ओळखायला मी सरोवरांवरचा बर्फ बघते. २०१४ च्या हिवाळ्यात पाचही महासरोवरं (ग्रेट लेक्स) मिळून ९० टक्क्यांहून अधिक गोठली होती, तो वसंत रेंगाळत आला. २०१२ मध्ये बर्फ १३ टक्क्यांच्या आसपासच होता. बर्फ कमी म्हणजे नुकसान ठरलेलं असं नाही, पण हिवाळा सौम्य गेला असेल तर मार्चच्या सुरुवातीपासूनच कळ्यांवर रोज नजर ठेवा. तीन महिन्यांचा सरकारी अंदाज फक्त सरासरीपेक्षा ऊब की गारठा एवढा कल सांगतो. दंव कोणत्या रात्री पडेल हे त्यात नसतं, त्यामुळे त्यावरून लावणीची तारीख ठरवू नका.

कळी कोणत्या टप्प्यावर आहे, त्यावर तिची सहनशक्ती ठरते. सफरचंदाची कळी नुकती रुपेरी दिसू लागली असेल तेव्हा उणे ९ अंशांपर्यंत (१५ फॅरनहाइट) फारसं बिघडत नाही. हिरवं टोक दिसलं की ही मर्यादा उणे ८ च्या जवळ येते. फुलं पूर्ण उमलली की उणे २ अंशांवर (२८ फॅरनहाइट) दहातलं एक फूल जातं आणि उणे ४ वर (२५ फॅरनहाइट) दहातली नऊ. शेवटच्या दोन आकड्यांत दोनच अंशांचा फरक आहे. त्यामुळे थर्मामीटर झाडाच्या उंचीवर, बागेतल्या सर्वांत खोलगट जागी टांगा. फोनवरचं तापमान बहुधा दूरच्या विमानतळाचं असतं.

थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत येते आणि खोलगटात साठते. आमचं पहिलं पीचचं झाड आम्ही कुंपणाजवळच्या खळग्यात लावलं होतं. तीन वर्षं फुललं, फळ एकही धरलं नाही. पुढचं झाड जेमतेम दीड मीटर उंचावर लावलं आणि त्याच हवेत ते धरलं. नवीन झाड लावणार असाल तर आधी एका थंड पहाटे अंगणात फिरून या. जिथे दंव सर्वांत उशिरा वितळतं, तिथे फळझाड लावू नका.

धोक्याची रात्र संध्याकाळीच ओळखता येते. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि दवबिंदूचं तापमान (ज्यावर हवेतल्या वाफेचं दव बनू लागतं) शून्याखाली असेल तर सावध व्हा. अशा रात्री जमिनीची ऊब सरळ आभाळात निघून जाते. आदल्या दिवशी झाडाखालचं गवत बारीक कापा आणि माती ओली करा. ओली, उघडी माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती सोडते. पालापाचोळ्याचं जाड आच्छादन मातीला ऊब साठवू देत नाही, म्हणून फुलोऱ्याच्या वेळी ते बाजूला सारा. निफाडकडचे द्राक्ष बागायतदार डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात पहाटे बागेला पाणी देतात, त्यामागेही हेच आहे. ते शेकोट्याही पेटवतात. त्यात कामाची असते ती आच, नुसता धूर ऊब अडवत नाही.

मोठ्या बागांत पंखे वरची उबदार हवा खाली ओढतात. तुषार सिंचनानेही कळी वाचते, कारण पाणी गोठताना ऊब सोडतं. पण ते मध्येच थांबवलं तर कळी उलट अधिक गारठते, आणि कोरडा वारा असेल तर सुरूच करू नये. घरच्या नळीने हा प्रयोग करू नका. छोट्या झाडाला सूर्य मावळण्याआधीच जमिनीपर्यंत जुनी चादर किंवा दंवरोधक कापड पांघरा, म्हणजे मातीची ऊब आत राहील. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका. सकाळी ऊन आलं की कापड काढा.

भाजीपाल्यासाठी तारीख बाजूला ठेवा आणि मातीचा वाफसा बघा. मूठभर माती दाबा. गोळा होऊन राहिली तर थांबा, बोटाने हलवल्यावर सुटली तर खुरपं घ्या. ओल्या मातीत पाय ठेवलात तर वर्षभर ढेकळं फोडत बसाल. वाफसा आला आणि माती ५-७ अंशांवर गेली की मटार, पालक आणि मुळा पेरा, त्यानंतर आठवड्याभराने मेथी, कोथिंबीर, शेपू. ही पिकं हलकं दंव सोसतात. कोथिंबीर तर गारव्यातच नीट येते, उन्हाळा लागला की लगेच फुलावर जाते, म्हणून तिला उशीर करू नका.

मिरची-वांग्याची रोपं मार्चमध्ये घरातच करा, टोमॅटो एप्रिलच्या सुरुवातीला. बाहेर मात्र माती १६-१८ अंशांवर आल्यावरच. किनाऱ्यापासून दूर आणि उत्तरेकडे मे अखेर उजाडते, आणि ते योग्यच आहे. त्याआधी आठवडाभर रोपं रोज थोडा थोडा वेळ उन्हावाऱ्यात ठेवून कणखर करा. भेंडी, गवार, दुधी, कारली जूनमध्ये. गावाकडून आलेल्या वालाच्या जुन्या वाणांना दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही, तोवर इथे थंडी परतते. शेंगा हव्या असतील तर दिवसाच्या लांबीवर न अडणारं वाण मागा. कढीपत्त्याची कुंडी रात्रीचं तापमान १० अंशांच्या वर राहू लागल्यावरच बाहेर ठेवा.

द्राक्षवेल असेल तर छाटणी उशिरा करा, त्यामुळे डोळे उशिरा फुटतात. कापलेल्या जागेतून पाणी टपकलं तरी घाबरू नका. पीचची छाटणीही कळ्या फुगेपर्यंत थांबवा, किती कळ्या जगल्या ते तोवर कळतं.

दंव पडून गेलं तर लगेच हताश होऊ नका. दुपारी दहा-बारा कळ्या ब्लेडने आडव्या कापून बघा. आतला मध्यभाग हिरवा असेल तर ती जिवंत, तपकिरी-काळा असेल तर गेली. सफरचंदाला भरपूर फुलोरा आला असेल तर दहातली एक कळी वाचली तरी घरापुरती फळं मिळतात. अशा वर्षी त्या उरलेल्या फुलांसाठी मधमाश्या हव्यातच, म्हणून फुलोरा संपेपर्यंत कोणतंही कीटकनाशक फवारू नका आणि शेजाऱ्यांनाही तशी विनंती करा.