स्पेनच्या रेक्टरांची खतावणी

आपल्या सोलापुरात रेक्टर म्हणजे वसतिगृहाचा, रात्री हजेरी घेणारा. भाचीनं एम.ए.ला स्पेनच्या जुन्या विद्यापीठांचे रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचे प्रमुख, आणि त्यांची घराणी हा विषय घेतला तेव्हा मी आधी हसलो. चादरीच्या कारखान्यात ३१ वर्षं खतावणी लिहिलेला माणूस मी. म्हटलं, आण तुझी माणसं, पानं पाडून देतो.

एका माणसाला एक पान. वर पूर्ण नाव लिहा. गास्पार दे गुस्मान इ पिमेंतेल यातलं गुस्मान बापाकडचं, पिमेंतेल आईकडचं, म्हणजे आजोळ नावातच सापडलं. पण या गुस्मानच्या काळी, सतराव्या शतकात, सख्खी भावंडंही वेगवेगळी आडनावं लावत. आई-बापांची नावं दिसेपर्यंत पेन्सिलीनंच लिहायचं.

घराण्याकडे वळण्याआधी हा पदावर बसला कसा, ते नोंदवा. इथं चुकलो म्हणून आमची पहिली चार पानं फाडावी लागली. सालामांका विद्यापीठात रेक्टर हा वर्षापुरता निवडलेला विद्यार्थी असे, बहुधा सरदाराघरचा. गुस्मानही शिकता शिकताच झाला. त्याला कुलगुरूंच्या रांगेत बसवलं की हिशेब बोंबलला. अल्कालाच्या विद्यापीठात तर सान इल्देफोन्सो या निवासी कॉलेजचा रेक्टर तोच विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे आपला वसतिगृहवाला अर्थ अगदीच वाया नाही! १८४५ पासून पुढं बराच काळ नेमणूक सरकारी होती.

मग 'भावंडांत कितवा' हा रकाना. हा माझा हट्ट. गुस्मान तिसरा मुलगा, म्हणून चर्चसाठी राखलेला. थोरले भाऊ वारले, वारसा याच्याकडे आला, चर्चची वाट सुटली. पुढे ओलिवारेसचा काउंट-ड्यूक होऊन १६४३ पर्यंत राजा चौथ्या फेलिपेचा कारभार त्यानंच हाकला.

आजी-आजोबा हवेत तर 'रक्तशुद्धी'ची कागदपत्रं धुंडाळा. मोठ्या कॉलेजांत प्रवेशाआधी उमेदवाराच्या गावी माणूस जाऊन साक्षी घेई, घराण्यात कुणी ज्यू वा मुसलमान होतं का म्हणून. आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात ना, तस्सं. आणि स्थळाबद्दल शेजारी जितकं खरं बोलतात, तितकाच यावर विश्वास ठेवा. कागदात 'नातुराल दे' म्हणजे जन्मगाव, 'वेसिनो दे' म्हणजे राहतं गाव. दोन्हींना वेगळे रकाने.

शेवटी जमा-नावे. नेमणूक जमेला, बडतर्फी नावे. बिल्बाओच्या व्यापाऱ्याचा मुलगा, ग्रीकचा प्राध्यापक मिगेल दे उनामुनो बघा. सालामांकात १९०० ला जमा, १९१४ ला नावे, १९३१ ला पुन्हा जमा. १९३६ च्या यादवी युद्धात प्रजासत्ताक सरकारनं काढला, त्याविरुद्ध उठलेल्या फ्रँकोच्या बाजूनं परत बसवला आणि त्यांनीच पुन्हा काढला. पान संपलं, खाली चिठ्ठी डकवावी लागली.