कोल्हापूरला लांब मुक्कामासाठी जाताना कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) कसा सांभाळावा

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आई दुधाच्या रतिबाचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठेवत असे. ज्या दिवशी दूध आले नाही त्या तारखेवर ती फुली मारी आणि महिनाअखेरीस खाडे मोजून गवळ्याचे पैसे चुकते करी. कोल्हापूर जिल्ह्यातून कॅनडात नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला माझे पहिले सांगणे हेच असते, की उतरल्या दिवसापासून अशीच एक वही घाला आणि देशाबाहेर गेलेल्या व परतलेल्या प्रत्येक तारखेची नोंद ठेवा. गावाकडून बोलावणे येणारच आहे. आईवडिलांचे आजारपण, भावकीतली वाटणी, सातबाऱ्यावरची वारसनोंद, बहिणीचे बाळंतपण, यांपैकी काहीतरी निघते आणि तीन आठवड्यांसाठी गेलेला माणूस आठ महिने राहतो. त्यात चूक काहीच नाही, मात्र आपले किती खाडे झाले हे ठाऊक नसताना राहणे धोक्याचे आहे.

मूळ नियम असा आहे, की कायम रहिवाशाने प्रत्येक पाच वर्षांत किमान ७३० दिवस प्रत्यक्ष कॅनडात असले पाहिजे. हे दिवस सलग असण्याची गरज नाही, आणि ज्या दिवशी तुम्ही निघता किंवा पोहोचता, तो अर्धामुर्धा दिवसही पूर्ण धरला जातो. ही पाच वर्षे पीआर कार्डावरच्या तारखांवरून ठरतात असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. अधिकारी ज्या दिवशी तुमची तपासणी करतो, त्या दिवसापासून मागची पाच वर्षे तो पाहतो, त्यामुळे ही चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. पहिली दोन वर्षे इथे काढून नंतर सलग तीन वर्षे गावी राहिलेल्या माणसाचे दिवस काठावर पुरे भरतात, पण तो आणखी महिनाभर गावीच थांबला, तर सुरुवातीचा एक महिना चौकटीबाहेर पडतो आणि तेवढीच तूट निर्माण होते. ज्यांना पीआर मिळून अजून पाच वर्षे झालेली नाहीत, त्यांच्या बाबतीत पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत ७३० दिवस भरणे अजून शक्य आहे का, एवढेच पाहिले जाते.

‘सॉफ्ट लँडिंग’ करणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. पंधरा दिवसांसाठी येऊन, कागद पुरे करून परत गेलेल्यांची घड्याळे त्याच दिवशी सुरू झालेली असतात. आमच्या ओळखीतले इचलकरंजीचे एक गृहस्थ असेच परत गेले, आणि मागांचा व्यवसाय आवरता आवरता त्यांची चार वर्षे निघून गेली. उरलेल्या एका वर्षात ७३० दिवस कुठून भरणार? कार्ड वैध असल्यामुळे ते विमानात बसले खरे, पण उतरल्यावर चौकशी झाली, अहवाल लिहिला गेला आणि प्रकरण अपिलात गेले.

बाहेर काढलेले काही दिवसही जमेत धरले जातात. पती किंवा पत्नी कॅनडाची नागरिक असेल आणि तुम्ही खरोखर एकत्र राहत असाल, तर ते दिवस मोजले जातात, आणि कॅनडातील कंपनीने किंवा सरकारी सेवेने तुमची परदेशात पूर्णवेळ नेमणूक केली असेल, तर तेही. परंतु राजारामपुरीतल्या घरी बसून टोरांटोच्या कंपनीचे काम लॅपटॉपवर करणे, तेही केवळ तुमच्या सोयीसाठी, म्हणजे अशी नेमणूक नव्हे. पगार कॅनडातून येतो म्हणून दिवस भरतात, या समजुतीवर कुणीही विसंबू नये.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी १२ मे २०१७ रोजी टोरांटोत उतरले, आणि १४ जानेवारी २०२० रोजी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यामुळे चार महिन्यांसाठी कोल्हापूरला गेले. मार्चच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. पुढे विशेष विमाने सुटू लागली, तोवर वडिलांची प्रकृती पुन्हा ढासळली होती, आणि मी शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिले. चाराचे तेरा महिने झाले. वहीत सुमारे ९३० दिवस जमा होते, त्यामुळे पीआरची मला एक दिवसही काळजी वाटली नाही आणि वडिलांच्या उशाशी मी निश्चिंत मनाने बसू शकले. त्या वहीचे मोल मला तेव्हा कळले. नागरिकत्वासाठी मात्र पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात, आणि त्याला कमी पडणाऱ्या १६५ दिवसांसाठी माझा अर्ज तेरा महिने लांबला. म्हणून ज्यांचे १,०९५ जवळ आले आहेत आणि गावाकडची निकड थांबण्यासारखी आहे, त्यांनी ते दिवस आधी पुरे करून मग जावे असे मला मनापासून वाटते. निकड थांबण्यासारखी नसेल, तर निघावे. नागरिकत्वाचा अर्ज पुढेही करता येतो.

कार्ड आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर संपत नाही. मात्र वैध कार्डाशिवाय विमान कंपनी तुम्हाला विमानात घेत नाही, आणि मग गावाहून ‘पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट’साठी अर्ज करावा लागतो, ज्यात तुमचे ७३० दिवस तपासले जातात. कार्डाचे नूतनीकरण कॅनडात असतानाच करायचे असते. म्हणून मुदत नऊ महिन्यांपेक्षा कमी उरली असेल, तर लांब मुक्कामाला निघण्याआधी ते काम उरकावे. दिवस कमी भरले तरी पीआर आपोआप जात नाही. त्यासाठी रीतसर निर्णय व्हावा लागतो आणि त्याविरुद्ध अपील करता येते. परदेशात अर्ज नाकारला गेला तर अपिलासाठी ६० दिवस असतात, आणि कॅनडात असताना देश सोडण्याचा आदेश मिळाला तर ३०. घाबरून पीआर सोडून देण्याच्या कागदावर सही करणे ही यातली सर्वांत मोठी चूक आहे, कारण त्यानंतर भांडायला काही उरत नाही.

कोल्हापुरातल्या लग्नघरी निरनिराळ्या देशांतून आलेले पाहुणे एकत्र बसतात आणि आपापल्या देशाचे नियम एकमेकांना सांगतात. अमेरिकेच्या ग्रीन कार्डवाल्यांना वर्षभराहून जास्त बाहेर राहायचे असेल, तर री-एन्ट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. ब्रिटनमधला कायम वास्तव्याचा परवाना सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास साधारणपणे रद्द होतो. हे त्यांचे नियम आहेत. ‘दर सहा महिन्यांनी जाऊन यायचे’ हा सल्ला कॅनडाच्या हिशेबात बसत नाही. दोन दिवसांची फेरी मारली, तर वहीत दोनच दिवस जमा होतात.

आरोग्यविम्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. ऑन्टारिओत कोणत्याही बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात राहावे लागते. पीआर शाबूत असूनही विमा तुटू शकतो. कराच्या दृष्टीने रहिवासी असणे हीदेखील स्वतंत्र बाब आहे. एका आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात, भारतात १८२ दिवस झाले तर तिथेही तुम्ही रहिवासी ठरता, तेव्हा मुक्काम त्याहून लांबणार असेल तर दोन्हीकडच्या कर सल्लागारांशी आधी बोलावे.

अपिलात मानवतेच्या आधारावर सवलत मागता येते. तिथे तूट किती, जाण्याचे कारण काय, लवकर परतण्याचा प्रयत्न केला का, कॅनडात घरदार व नातेसंबंध किती आणि मुलांचे हित कशात, हे पाहिले जाते, आणि प्रत्येक उत्तराला कागद लागतो. इचलकरंजीच्या गृहस्थांची कारणे खरी होती, पण दाखवायला एकही कागद नव्हता. दवाखान्याचा डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचे तारखेनिशी पत्र, महापालिकेचा मृत्यूदाखला, रद्द झालेल्या विमानांच्या तिकिटांचे ईमेल, हे सारे मुक्कामात असतानाच गोळा करावे. एकदा इकडे आल्यावर तिथल्या कार्यालयांत खेटे घालायला आपले कोणी मोकळे नसते. मराठी दाखल्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर तिथेच करून घ्यावे. जुना पासपोर्ट संपला असला तरी त्यावरचे शिक्के हाच तारखांचा पुरावा असल्यामुळे तो जपून ठेवावा, आणि निघताना ही सगळी फाइल वहीसकट हातातल्या बॅगेत घ्यावी, सामानात टाकू नये.