इम्प्लांट आणि हाड: या चुका टाळा

दाढ काढली, जखम भरली आणि ठणका थांबला की बहुतेक माणसे तो विषय तिथेच सोडून देतात. इम्प्लांटच्या, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूच्या, बाबतीतली पहिली चूक इथेच होते. मुळाभोवतीचे हाड दाताच्या आधारासाठीच असते, त्यामुळे दात गेला की ते झिजू लागते आणि ही झीज पहिल्या वर्षात, त्यातही सुरुवातीच्या काही महिन्यांत, सर्वांत वेगाने होते. काही वर्षे थांबून गेलेल्या रुग्णाला मग अनेकदा आधी हाड भरून घ्यावे लागते, आणि वरच्या मागच्या दाढांच्या जागी कधी सायनसचा, म्हणजे जबड्याच्या वरच्या हवेच्या पोकळीचा, तळही वर उचलावा लागतो. दरम्यान शेजारचे दात मोकळ्या जागेत कललेले असतात. इम्प्लांट करायचे की ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) की काढघालीची कवळी, हा निर्णय दाढ काढण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठेवावा.

दुसरी चूक घाईची. टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळून येते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आले ते सशाच्या हाडातला रक्तपुरवठा अभ्यासताना, आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. ही जुळणी जिवंत हाड करते, आणि ते आपल्याच गतीने करते: खालच्या जबड्यात साधारण 3 महिने, तर वरच्या जबड्यातले हाड विरळ असल्यामुळे 4 ते 6 महिने. स्क्रू पहिल्याच दिवशी पक्का पकडला गेला असेल, तर निवडक रुग्णांना लगेच तात्पुरते दात देता येतात; पण लग्नाची तारीख जवळ आली आहे, हे त्यासाठीचे कारण नव्हे.

सर्वांत महागात पडते ती लपवाछपवी. मिश्री आणि तंबाखूची सवय सांगायला संकोच वाटतो, आणि ‘साखर कंट्रोलमध्ये आहे’ हे वाक्य कित्येकदा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी न करताच उच्चारले जाते. धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह या दोन्हींमुळे हाड जुळण्याची प्रक्रिया मंदावते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. याहून सहज विसरली जाणारी गोष्ट म्हणजे हाडांच्या ठिसूळपणावरचे बिस्फॉस्फोनेट गटातले औषध. त्यातले एक इंजेक्शन वर्षातून एकदाच घेतले जात असल्याने घरातल्या आजींना ते ‘चालू औषध’ वाटतच नाही. प्रत्यक्षात जबड्यावरील शस्त्रक्रियेनंतर हाडाचा भाग मृत होण्याचा धोका या औषधांमुळे वाढतो. मात्र ते किंवा रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करणे ही आणखी वेगळी चूक आहे. तो निर्णय दातांचे डॉक्टर आणि ते औषध देणारे डॉक्टर या दोघांनी मिळून घ्यायचा असतो.

‘आता हा दात किडणार नाही’ हे खरे आहे, पण ते अर्धेच. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे अस्तर असते, ज्यामुळे दाब जाणवतो. इम्प्लांटभोवती ते नसते, म्हणून तिथली हिरडी सुजून खालचे हाड झिजत असतानाही कित्येकदा काहीच दुखत नाही. ब्रश करताना येणारे रक्त, हिरडीतून निघणारा पू किंवा तोंडाची बदललेली चव, याच तिथल्या खुणा. शेजारच्या फटीत जाणारा बारीक ब्रश रोज वापरावा, आणि रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचे आवरण) आधीच करून घ्यावे.

कॅप हलू लागली की इम्प्लांट गेले असे समजून घाबरू नये. बऱ्याचदा कॅप आणि इम्प्लांट यांना जोडणारा छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा आवळता येतो. मात्र त्या बाजूने चावत राहिल्यास तो तुटतो, आणि तुटलेला भाग काढणे जिकिरीचे असते. इम्प्लांटच हाडात हलत असेल, तर ते सहसा काढावेच लागते. खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर भुलीचा अंमल उतरून गेल्यावरही ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण इम्प्लांटचा दाब नसेवर आला असल्यास ते लवकर काढण्यातच फायदा असतो.

इम्प्लांटची कंपनी, मापे आणि लॉट क्रमांक लिहिलेले कार्ड मागून घेऊन घरच्या फाइलमध्ये जपावे. दहा वर्षांनी दुसऱ्या शहरात कॅपचा तो छोटा स्क्रू आवळायचा झाला, तर नव्या डॉक्टरांना योग्य चावी त्यावरूनच शोधता येते.