गोबरगॅसची जागा पाऊस ओसरतानाच हेरून ठेवा

गोबरगॅसचं बांधकाम उन्हाळ्यात काढतात, आणि ते बरोबरच आहे. खड्डा कोरडा राहतो, हाताशी वेळ असतो. पण जागा उन्हाळ्यात ठरवू नका. तेव्हा सगळंच रान कोरडं ठणठणीत दिसतं. पाऊस ओसरताना जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. जागेची खरी पारख तेव्हाच होते.

मनात असलेल्या ठिकाणी टाकी जेवढी खोल जाणार तेवढा एक खड्डा घ्या. रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी वरूनच बघा. आत उतरू नका, ओली कड ढासळते. तळाशी पाणी साचलं असेल तर ती जागा सोडा. भूजल वर असलं की रिकामी टाकी होडीसारखी उचलली जाते. कडेचे थरही न्याहाळा. मुरूम लागला तर उत्तम. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि बांधकामाला तडे देते. असा तडा डोळ्यांना दिसतही नाही, फक्त शेगडीची ज्योत मंदावते.

आता नेहमीचा वाद: संयंत्र गोठ्याजवळ की स्वयंपाकघराजवळ? दोन्ही शेजारी असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर मी गोठ्याच्या बाजूने बोलेन. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. गॅस नळीतून आपसूक जातो. शेणाच्या पाट्या मात्र कुणाला तरी उचलाव्या लागतात. पहिला महिना हौसेचा असतो. पुढे एक दिवस चुकतो, मग दोन, आणि टाकी उपाशी राहते. तरी नळी उगाच लांबवू नका, गॅसचा दाब मुळात कमी असतो. गॅसमधली वाफ थंड होऊन नळीत पाणी साचतं, म्हणून नळीला सलग उतार द्या आणि सगळ्यात खालच्या बिंदूला पाणी काढायची तोटी बसवा. मध्येच झोळ पडला की तिथे पाणी अडतं आणि शेगडी भकभकते.

ऊन दिवसभर मिळायला हवं. शेण कुजवणारे जिवाणू 30 ते 35 अंशांना जोमात काम करतात, थंडीत सुस्तावतात. त्यामुळे झाडाची सावली नको, आणि मुळं टाकीत शिरतात म्हणून झाडही जवळ नको. विहीर किंवा बोअर निदान 15 मीटर लांब असावी, शक्यतो चढाच्या अंगाला.

स्लरीच्या, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर येणाऱ्या पातळ शेणाच्या खड्ड्याला लोक शेवटी उरलेला कोपरा देतात. रोज जेवढा शेण-पाण्याचा काला आत जातो, जवळपास तेवढीच स्लरी बाहेर पडते. खड्डा उताराच्या बाजूला घ्या, गोठ्याच्या पत्र्याचं पाणी त्यात पडू देऊ नका आणि भोवती कुंपण घाला. शेवटी आखणीच्या खुंट्या ठोकण्याआधी स्लरी न्यायची ट्रॉली तिथवर पोहोचते का, ते एकदा चिखलातच चालवून बघा.