ऊन अडवायचं, वारा नाही: मुंबईतल्या पश्चिमेकडच्या घरासाठी

मुंबईत पश्चिमेला खिडक्या असलेल्या घराची अडचण अशी, की दुपारनंतरचं ऊन आणि समुद्रावरून येणारे खारे वारे साधारण एकाच बाजूने आत येतात. खिडकी झाकली की घर कोंदतं, उघडली की तापतं. विदर्भातले उपाय इथे उपयोगाचे नाहीत. वाळ्याचे ओले पडदे किंवा पाण्याचा कूलर लावला, तर आधीच दमट असलेल्या हवेत ओल वाढते आणि घाम सुकेनासा होतो. दिवसाची उष्णता जाड भिंतीत मुरवून रात्रीच्या गारव्यात ती घालवायची, हेही जमत नाही, कारण मे ते सप्टेंबर इथल्या रात्री फारशा गार होतच नाहीत. तेव्हा ऊन काचेच्या बाहेरच थांबवायचं आणि वाऱ्याला यायला-जायला वाट ठेवायची.

छज्जा कुठे पुरतो, कुठे नाही

मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. इथे माध्यान्ह घड्याळात बाराला नाही, साडेबाराच्या पुढेमागे होते. २१ मार्चच्या सुमारास त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या ४ फूट उंच खिडकीला दीड फुटाचा छज्जा पुरतो. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य ६२ अंशांच्या आसपास उतरतो, मग २ फूट लागतात. ऑक्टोबरचा उकाडा ध्यानात घेऊन दक्षिणेला २ फूटच धरा. डिसेंबरात थोडं ऊन आत आलं तर येऊ द्या.

पश्चिमेला हे गणित कोलमडतं. एप्रिलच्या मध्याला संध्याकाळी पाच वाजता सूर्य बरोबर पश्चिमेला आणि जेमतेम २६ अंश वर असतो. तीच ४ फुटी खिडकी झाकायला ८ फुटांचा छज्जा लागेल. तो कुणी बांधत नाही, बांधूही नये. पश्चिमेला आडव्या पट्ट्यांची झडप लावा. पट्ट्या ४ इंच रुंद आणि एकीपासून दुसरी २ इंचांवर ठेवल्या, की सूर्य साधारण २६ अंशांखाली येईपर्यंत थेट ऊन आत येत नाही आणि फटींतून वारा वाहता राहतो. पट्ट्यांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. पाचनंतरच्या तिरप्या उन्हासाठी बाहेरून बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, सोडायची. भाड्याचं घर असेल तर ग्रिलला ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट बांधली तरी बराच फरक पडतो, फक्त वारा थोडा कमी होतो.

चिक किंवा नेट काचेपासून ४ ते ६ इंच दूर हवी आणि वरखाली मोकळी हवी, म्हणजे मधली तापलेली हवा वरून निघून जाते. घरातला जाड पडदा हे काम करत नाही. ऊन काचेतून आत आलं, पडदा तापला, की ती उष्णता खोलीतच राहते. पडदेवाले हे सांगणार नाहीत.

फिटिंगमध्ये कंजुषी नको. खाऱ्या हवेत लोखंडी क्लॅम्प गंजून फुगतो आणि प्लास्टर फोडतो. समुद्राजवळ ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीललाही डाग आणि खड्डे पडतात, म्हणून स्क्रू ३१६ ग्रेडचे घ्या. चिक मेअखेरीस काढून ठेवा. वरच्या मजल्यावर पावसाळी वाऱ्यात ती सुटली तर खालच्यांच्या डोक्यावर जाईल. दर्शनी भागात काहीही लावण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

वाऱ्याचा हिशेब

केंद्र सरकारच्या इको-निवास संहितेत (२०१८) उष्ण-दमट हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ घराच्या चटई क्षेत्राच्या (कार्पेट एरियाच्या) किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, सांगितलं आहे. १० बाय १२च्या खोलीला हा हिशेब लावला तर २० चौरस फूट होतात. ५ बाय ४ची खिडकी आहे म्हणून खूश होऊ नका. ती दोन ट्रॅकची सरकती असेल तर अर्धीच उघडते, हाती १० चौरस फूट. खिडक्या बदलायच्याच असतील तर बिजागरीच्या पूर्ण उघडणाऱ्या घ्या.

आत येणाऱ्या हवेला बाहेर पडायला जागा नसेल तर वारा खिडकीशीच अडतो. दुपारी ३ च्या सुमारास खिडकीत उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहा. धूर तिथेच घुटमळत असेल तर बेडरूमच्या दारावर झरोका काढा आणि मुख्य दाराला जाळीचं सेफ्टी डोअर लावा. मच्छरजाळीवर मीठ आणि धूळ बसली की तिची भोकं बुजतात. महिन्यातून एकदा धुवा.

मार्चमध्ये काही दिवस पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, खारे वारे उशिरा सुरू होतात आणि पारा चढतो. अशा दिवशी सकाळी नऊनंतर खिडक्या बंद ठेवा आणि पश्चिमेचा वारा सुटला की उघडा.

गॅलरी आत घेण्याआधी

कंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत (१९८३) पाहिली आहे? तिचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यापुढे हाच पेच होता: वारा आणि देखावा पूर्व-पश्चिमेला, ऊन-पाऊसही तिथूनच. त्यांनी घरांना दुमजली उंचीच्या खोल गच्च्या दिल्या आणि राहत्या खोल्या त्यांच्या आडोशाला ठेवल्या. तुमची ४ फुटी गॅलरी तेच काम लहान प्रमाणात करते. ती काच लावून खोलीत घेतली, की सावली देणारी जागा ऊन साठवणारी पेटी होते, आणि मग एसी अटळ. मुंबईतल्या फ्लॅटचं याहून मोठं नुकसान दुसरं नसेल.

पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून फिकट रंग हवा. दुपारी तापलेली विटांची ९ इंची भिंत ती उष्णता रात्री, नेमकी झोपायच्या वेळी, आत सोडते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून २-३ इंच पुढे ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मागे बुरशी धरते.

वरच्या मजल्यासाठी: स्लॅब

वरच्या मजल्यावर खिडकीपेक्षा छताचा त्रास जास्त. ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) पांढरं चायना मोझॅक, म्हणजे चिनीमातीच्या फरशीचे तुकडे, असेल तर उत्तम, फक्त ते घासून पांढरं ठेवा. काळं शेवाळ धरलं की ते निम्म्या कामाचंही उरत नाही. नसेल तर दोन पर्याय आहेत: ऊन परतवणाऱ्या कूल रूफ ॲक्रिलिक रंगाचे दोन हात, किंवा दरवर्षी चुना. चुन्यासाठी ५ किलो विरवलेला चुना, १ किलो पांढरं सिमेंट, पाव किलो फेव्हिकॉल आणि साधारण १० लिटर पाणी घ्या, गाळून ताकाइतकं पातळ करा आणि दोन पातळ हात द्या. हातमोजे आणि चष्मा घाला, कारण चुना डोळे भाजतो. काम पावसाळा संपल्यावर, स्लॅब पूर्ण वाळल्यावर, सकाळी लवकर करा. गळती आधी दुरुस्त करून घ्या. ओल्या स्लॅबवर रंग लावला तर फोड येऊन सुटतो.

गच्चीवर माती पसरून बाग करायचा मोह आवरा. १० सेंटिमीटर ओली माती दर चौरस मीटरला १६० ते २०० किलो भरते, आणि वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार सुमारे १५० किलो आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय मोजक्या हलक्या कुंड्या, त्याही खालच्या बीमच्या रेषेत, एवढंच करा.