साध्या कपड्यातला पोलीस गाडी अडवतो तेव्हा

सातारा-पुणे रस्त्यावर नोकरीची बरीच वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झालो. गावातली भाड्याच्या गाड्या चालवणारी पोरं अजून विचारतात, "काका, ड्युटीवर नसलेला पोलीस स्वतःच्या गाडीतून आपल्याला थांबवू शकतो का?"

ड्युटीचं सोडा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 28 सांगतं की रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस कायम ड्युटीवरच धरायचा. रात्रपाळी करून घरी निघालेला शिपाईसुद्धा त्यात आला. म्हणून "साहेब, तुमची ड्युटी संपलीय" हा वाद रस्त्यावर घालू नका, हराल. बघायचं ते एवढंच की अंगावर वर्दी आहे का आणि थांबवतोय कशासाठी.

नुसतं लायसन्स बघायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 मध्ये शब्दच आहेत: गणवेशातला पोलीस. वर्दीतल्या साध्या शिपायाने मागितलं तरी दाखवायचं, डिजिलॉकरमधलं चालतं. टी-शर्ट घातलेल्याने मागितलं तर ते कलम त्याच्या कामाचं नाही. गाडीची किल्ली काढून घ्यायचा अधिकार तर त्या कलमाने वर्दीवाल्यालाही दिलेला नाही.

गुन्ह्याचा तपास असेल तर मात्र गोष्ट वेगळी. एलसीबीची, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेची पोरं सिव्हिलमध्येच फिरतात, बहुतेक वेळा खासगी गाडीत. दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येते अशा) गुन्ह्यातल्या संशयिताला ते पकडू शकतात, वर्दी लागत नाही. पण अटक करणाऱ्याने आपलं नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख लावली पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 मध्ये आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता कलम 105 प्रमाणे त्यांनाच करावं लागतं. "गाडी तपासायचीय, मोबाईल बंद करा" असं कोणी म्हणालं की माझ्या डोक्यात घंटा वाजते.

आता प्रत्यक्षात करायचं काय ते. समजा रात्री आनेवाडी टोलनाका सोडून पुण्याकडे निघालात आणि मागून एखादी पांढरी गाडी लाईट मारत बाजूला आली. आतला माणूस हात काढून "पोलीस, पोलीस" करतोय. करकचून ब्रेक मारू नका आणि पळूही नका. चारही इंडिकेटर लावा, वेग कमी करा, थांबतोय असं हाताने दाखवा आणि उजेडातल्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा माणसं असलेल्या ढाब्यापर्यंत तसेच सावकाश चला. खंबाटकीच्या बोगद्याच्या आसपास तर मुळीच थांबू नका. शेजारी बसलेल्याला पोलीस मदतीचा 112 नंबर लावायला सांगा: त्या गाडीचा नंबर, रंग, जवळचा किलोमीटरचा दगड आणि आपण कुठे थांबणार ते. खरा पोलीस चिडेल, दोन शिव्या देईल, पण पंपावर मागोमाग येईल. तोतया बहुतेक वेळा तिथवर येतच नाही.

थांबल्यावर दारं लॉक ठेवा, काच चार बोटं खाली घ्या आणि आवाज न चढवता विचारा: "साहेब, नाव काय, कुठलं पोलीस ठाणं, आणि कशासाठी थांबवलंत?" शिपाई-हवालदार असेल तर बक्कल नंबर, म्हणजे खात्याने त्याला दिलेला नंबर विचारा, खऱ्याला तो झोपेतही आठवतो. ओळखपत्र लांबून हलवून खिशात घातलं तर ते दाखवलं असं मानू नका. काचेला टेकवून धरायला सांगा, नाव वाचा आणि 112 वाल्याला कळवा. त्यानेच दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करण्यात अर्थ नाही, पलीकडे त्याचाच भाऊबंद असतो.

काचेमागे ठेवलेली पोलिसाची टोपी आणि "पोलीस"ची पाटी बघून घाबरू नका. आमच्याच लोकांनी ही खोड लावली, मला ती कधी आवडली नाही. तसली टोपी पैसे टाकले की कोणालाही मिळते.

रोख पैसे कोणी मागितले तर देऊ नका. दंड झालाच असेल तर तो ई-चलानमध्ये दिसेल आणि मोबाईलवर मेसेज येईल. "पुढे चोऱ्या होतायत, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणणारा पोलीस मी नोकरीत एकही पाहिला नाही. तो भामटाच. तोतयेगिरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 मध्ये कमीत कमी 6 महिने आणि जास्तीत जास्त 3 वर्षं कैद आहे.

नाकाबंदीत वर्दीवाल्यांसोबत साध्या कपड्यातला एखादा उभा असेल तर मुकाट थांबा, तिथे हे काही लावू नका.

राहिला तो कट मारला म्हणून पाठलाग करणारा, स्वतःच्या गाडीतला रागावलेला पोलीस. तुमचं चुकलं असेल तर त्याने नंबर टिपून कंट्रोल रूमला कळवावा, तेवढं त्याला पुरेसं आहे. तुमचं लायसन्स त्याच्या हातात द्यायचं नाही. दुचाकीवर असाल तर काच नसते, म्हणून आधी गर्दीत जाऊन थांबा आणि किल्ली काढून खिशात टाका.